लीनाचा हात

१

चोराने फोटो नेला आणि चौकट भिंतीवर तशीच ठेवली, हे सगळ्यांत आधी रोहिणीच्या लक्षात आलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला आनंदच झाला. गेली एकदाची सटवी, असं तिच्या मनात आलं. मग तिने लगबगीने चेहरा गंभीर केला.

शनिवारची सकाळ होती. हासेलब्रोन म्हणजे स्टुटगार्टहून एस-बान लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि पुढे बस पकडायची, एवढंसं गाव. तिथल्या चर्चच्या मागे 'ब्लाउअर क्रूग' नावाचं जुनं गास्टहाऊस होतं. खाली वाइन-बिअरचा बार, वर रिकामा मजला, आणि गावाचं म्हणणं खरं मानायचं तर त्या मजल्यावर एक भूत. कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर फक्त गावातले नेहमीचे लोक बसायचे, त्याला श्टामटिश म्हणत. त्या टेबलाच्या वर ही चौकट होती. काच शाबूत होती. आत करड्या पुठ्ठ्याला कापलेली खिडकी शाबूत होती. फक्त त्या खिडकीतून वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांकडे बघणारी लीना होर्नुंग, या बारची जुनी मालकीण, तेवढी नव्हती.

"माइन गॉट!" बारचा आताचा मालक हेर क्नाइस्ले डोक्याला हात लावून खुर्चीत बसला. संध्याकाळी इथे लीनावर व्याख्यान होतं, सगळी तिकिटं गेली होती, आणि व्याख्यान देणार होता रोहिणीचा नवरा अनुप.

ईप्सिता कोट न काढताच उभी होती. ती पीएच.डी. करणारी नाशिकची मुलगी. जुनी जर्मन अक्षरं लावायला अनुपला मदत करायची. रोहिणीच्या सासूबाई, कमलाबाई, मफलर गुंडाळून दाराशीच थांबल्या होत्या.

अनुपने रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. मग तो वळला. क्नाइस्लेकडे नाही, दाराकडे नाही, थेट बायकोकडे.

"रोहिणी," तो मराठीत, अगदी हळू म्हणाला, "कुठे ठेवलास तो?"

२

मेलेल्या बाईवर कुणी जळतं का? रोहिणी जळत होती, आणि चांगली धगधगून जळत होती.

गेल्या हिवाळ्यात अनुप ऑफिसच्या लोकांबरोबर इथे जेवायला आला, त्याने तो फोटो पाहिला आणि झालं! तेव्हापासून दर शनिवारी स्वारी हासेलब्रोनला. जेवताना लीना, गाडीत लीना, आईबरोबर चहा पिताना लीना. नवरा वारल्यावर लीनाने म्हणे एकटीने बार चालवला. लीनाच्या बटाट्याच्या सॅलडसाठी म्हणे शेजारच्या गावांतून माणसं यायची. रोहिणी इतकी वर्षं बटाट्याची भाजी करत होती. तिच्यासाठी शेजारच्या खोलीतूनही कुणी चटकन उठून येत नव्हतं.

साठच्या दशकाच्या शेवटी, एका हिवाळ्यात, ही लीना एकाएकी नाहीशी झाली. गिरणीच्या ओढ्यात तिने जीव दिला, असं गाव सांगायचं. प्रेत मिळालं नाही. पण फोटोत लीनाचा डावा हात बाजूला पसरलेला होता आणि बोटं पुठ्ठ्याच्या कडेखाली गेली होती. ती ओढ्याकडे बोट दाखवतेय, असं क्नाइस्ले प्रत्येक पाहुण्याला आवाज खाली आणून सांगायचा.

आणि भूत? ते तर खास इथलंच होतं. या भागात जिन्याचा केर काढायच्या पाळ्या असतात, त्याला केअरवोखे म्हणतात. ज्याचा आठवडा त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. ही पाटी दारावर असताना जिना झाडायचा राहिला, तर शेजारी खून पडल्यासारखे बघतात; स्टुटगार्टच्या घरात रोहिणीने ते पुरतं भोगलं होतं. तर ब्लाउअर क्रूगच्या वरच्या मजल्यावर लीनाच्या बंद दाराला ती पाटी अजून होती. क्नाइस्ले ती काढून फडताळात टाकायचा, शनिवारी सकाळी ती परत दारावर असायची. आणि जिना लख्ख झाडलेला. वर कुणी राहत नसताना!

"भूत केर काढत असेल तर मी कशाला अडवू?" असं म्हणून क्नाइस्ले बिअरचे भाव वाढवायचा.

काल, शुक्रवारी, सगळे मुक्कामालाच आले होते. चर्चजवळच्या पेन्शनमध्ये, म्हणजे छोट्याशा लॉजमध्ये, खोल्या घेतल्या होत्या. रात्रीचं जेवण ब्लाउअर क्रूगमध्ये झालं. श्टामटिशवर फ्राऊ श्वेन्क होत्या, ऐंशी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, अंगणापलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या. वाइनचा एक घोट घ्यायचा, आणि बिअर ठेवायचा पुठ्ठ्याचा गोल तुकडा, बीअरडेकेल, तो प्याल्यावर झाकायचा, असं त्यांचं चाललं होतं. लगेच पुढचा घोट, लगेच झाकण. कमलाबाईंना त्याची मोठी गंमत वाटली.

"उन्हाळ्यात वाइनमध्ये माश्या पडतात," क्नाइस्लेने हसून खुलासा केला. "ह्यांना नोव्हेंबरातही पडतात."

अनुप रंगात आला होता. "उद्या सगळ्यांसमोर चौकट उघडणार आहे मी," त्याने जाहीर केलं. "आजवर कुणी पुठ्ठा उचललेला नाही! फोटो पूर्ण बाहेर काढून स्कॅन करू. काय डोळे आहेत ना, ईप्सिता? असे डोळे मी आयुष्यात पाहिले नाहीत."

रोहिणीचे डोळे त्याच्यासमोरच होते. तिच्या हातातला काटा ताटात आपटला. "मला तर तो फोटो फाडून चुलीत घालावासा वाटतो," ती म्हणाली, आणि तिच्या दुर्दैवाने जर्मनमध्ये म्हणाली. सगळ्या टेबलाने माना वळवल्या. ती उठून बाहेर गेली आणि तासाभराने, बार बंद होऊन सगळे झोपायला गेल्यावर, पेन्शनवर परतली.

तो तासभर ती चर्चच्या पायरीवर थंडीने काकडत मोबाइलवर टाइप करत बसली होती. स्टुटगार्टच्या मराठी मंडळातल्या स्वानंदीला तिने लिहिलं: 'अनुप दर शनिवारी नेमका कुणासाठी जातो ते आता कळलं. ती ईप्सिता दिसते तेवढी साधी नाही.' खरं म्हणजे काहीच कळलं नव्हतं. पण पाठवल्यावर पोटात जरा गार वाटलं.

आणि आता अनुप विचारत होता, कुठे ठेवलास? काल तासभर कुठे होतीस? उत्तर तिच्या खिशात होतं, वेळेसकट. ते दाखवलं तर ती चोर नव्हे हे सिद्ध झालं असतं. पण मग ती कोण, तेही दिसलं असतं.

"मी नाही घेतला," एवढंच ती म्हणाली.

"मग कोणी? भुताने?" अनुप जवळ येऊन म्हणाला. "मी पोलिसांना सांगणार नाही, काही नाही. फक्त परत दे. नाहीतर... मला खरंच कळत नाहीये, मी कुणाबरोबर राहतोय."

हे तिच्या काळजाला लागलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

३

"अनुप, तोंड सांभाळ," कमलाबाई दारातून म्हणाल्या. त्या नांदेडला शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि तो आवाज निवृत्त झालेला नव्हता. "आधी शोध, मग बोल. रोहिणी, तू दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतेस ना? मग ही शोध की."

रोहिणी सॉफ्टवेअर टेस्टर होती. दोष शोधायचेच तिला पैसे मिळत. तिने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत वेळ होता. आणि मनातून तिला चोर कोण हवा होता, हे सांगायला नकोच.

क्नाइस्ले टेबल आवरायला लागला होता. श्टामटिशवर श्नाप्सचा, म्हणजे कडक दारूचा, एक इवलासा प्याला होता, त्यावर बीअरडेकेल. तो त्याने उचलला.

"थांबा!" रोहिणी ओरडली. "काल रात्री हा इथेच राहिला होता का?"

"छे! मी सगळे प्याले धुऊन फळीवर लावल्याशिवाय दिवा मालवत नाही." तो दुखावला गेला. "विचारा कुणालाही."

तिने झाकण उचललं. आत चार बारीक खिळे होते, चौकटीच्या मागचे. चोराने ते काढून कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून प्याल्यात ठेवले होते, आणि प्याला झाकला होता.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. फक्त माझ्याकडे. आल्झो... म्हणजे, कुलूप मात्र जुनंच आहे, लीनाच्या वेळचं. चांगलं कुलूप बदलायचं कशाला?"

"तुम्हीच तर नाही ना घेतला?" रोहिणीने सरळ विचारलं. "फोटो चोरीला गेला की भूत आणखी खपेल."

क्नाइस्लेने खिन्न होऊन रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. "बाई, आज साठ माणसं पैसे देऊन तो फोटो बघायला येणार आहेत. भूत दिसलं नाही तर लोक हसतात. फोटो दिसला नाही तर पैसे परत मागतात."

हे पटण्यासारखं होतं. मग रोहिणी जिन्याकडे गेली. रात्री पहिलं हिव पडलं होतं आणि नगरपालिकेने रस्त्यावर बारीक खडी टाकली होती. सगळ्यांच्या बुटांना ती चिकटून आत आली होती, बारच्या फरशीवर करकरत होती. जिन्यावर मात्र एक खडा नव्हता. कोपरेसुद्धा साफ. वर लीनाच्या दाराला पाटी लटकत होती.

म्हणजे जो फोटो न्यायला आला, तो जिना झाडून गेला. किंवा जो जिना झाडायला येतो, त्यानेच फोटो नेला. भुताला किल्ली लागत नाही, याला लागते. भूत आणि चोर एकच, आणि दोन पायांचं.

तिने खाली येऊन चौकट उतरवली. पुठ्ठा हातात घेतला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. खिडकी मधोमध कापलेलीच नव्हती. डावीकडे कड जेमतेम होती, उजवीकडे पंजाएवढी रुंद पट्टी सोडलेली.

"आई, हे बघा. फोटो या खिडकीपेक्षा मोठा आहे. लीना बोट दाखवत नव्हती," रोहिणी म्हणाली. "तिने कुणाचा तरी हात धरला होता. आणि ते माणूस या पुठ्ठ्याखाली आहे."

४

ईप्सिता बाहेर अंगणात बाकावर बसली होती, नाक लाल झालेलं. थंडीने असेल, असं रोहिणीला वाटलं. वाटून घ्यायचं होतं.

"तुला हवा होता ना तो फोटो? तुझ्या प्रबंधात छापायला?"

"हो," ईप्सिता म्हणाली. "अनुपदादांनी स्कॅन देतो म्हटलं होतं. मग चोरी कशाला करू मी?"

अनुपदादा. रोहिणी जरा गडबडली. "इतके शनिवार तुम्ही दोघं करता तरी काय?"

"मी वाचते, ते बोलतात." ईप्सिताने खांदे उडवले. "खूप बोलतात. खरं सांगू का? कधीकधी मला कंटाळा येतो. फ्राऊ श्वेन्क मात्र सगळं ऐकून घेतात. दर शनिवारी समोर येऊन बसतात. काय नवीन सापडलं, कुठवर आलात, विचारतात. लीनाबद्दल स्वतः मात्र चकार शब्द काढत नाहीत. मी ओळखत नव्हते म्हणतात."

"वरच्या मजल्यावर त्या काळी दुसरं कुणी राहायचं का?"

"घरपट्टीत दोन बिऱ्हाडं दिसतात. एक लीनाचं. दुसरं कुणा कार्ल श्वेन्कचं."

रोहिणीच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. केअरवोखेची पाळी एकट्याची कधी नसतेच. दुसरं बिऱ्हाड लागतंच. ती वळली, पण ईप्सिताने अचानक विचारलं, "रोहिणीताई, तुम्ही मंडळात आहात ना? माझं काही चुकलं का हो?"

"का?"

"संविधान दिनाच्या कार्यक्रमात माझं भाषण होतं. महिनाभर तयारी करतेय, आईबाबा ऑनलाइन बघणार होते. सकाळी उठले तर स्वानंदीताईंचा मेसेज, तुझं नाव काढलंय. कारण विचारलं तर उत्तर नाही. दोघीतिघींना फोन केले, कुणी उचलत नाही. एका रात्रीत असं काय झालं?"

रोहिणीला काल रात्रीचा आपला मेसेज आठवला. नाक थंडीने लाल झालं नव्हतं. "बघते मी," असं पुटपुटून ती अंगण ओलांडून गेली.

५

फ्राऊ श्वेन्क यांनी दार उघडलं, तेव्हा स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता. दाराशी केरसुणी टेकवलेली होती आणि तिच्या काड्यांत दोन-तीन बारीक खडे अडकले होते.

रोहिणीने टेबलावर खिळ्यांसकट तो श्नाप्सचा प्याला ठेवला, वर बीअरडेकेल. "काल रात्री तुम्ही हा विसरलात."

म्हातारीने प्याल्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "झाकलाच होता का मी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हात ऐकत नाहीत."

"फोटो इतकी वर्षं भिंतीवर होता, कुणी हात लावला नाही," रोहिणी म्हणाली. "कालच का गेला? कारण आज पुठ्ठा निघणार होता. म्हणजे चोराला लीना नको होती. पुठ्ठ्याखालचं माणूस लपवायचं होतं. ते तिथे आहे हे ज्याने पुठ्ठा कापला त्यालाच माहीत. त्याच्याकडे जुनी किल्ली आहे, तो जिना झाडल्याशिवाय जात नाही, आणि खिळ्यांचा प्यालाही झाकतो. वरचं दुसरं बिऱ्हाड तुमचं होतं. फ्राऊ श्वेन्क, लीनाने हात धरलाय तो तुमच्या नवऱ्याचा, कार्लचा. हो ना?"

हे बोलताना तिला त्या म्हातारीची इतकी कीव आली की विचारू नका. आपल्यासारखीच एक, नवऱ्याला पुठ्ठ्याखाली झाकून ठेवणारी!

फ्राऊ श्वेन्क मात्र हसल्या. कोरडं, आवाज नसलेलं हसू. त्यांनी पावाचा डबा उघडला, आतून कापडात गुंडाळलेला फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

लीना होर्नुंग हात पसरून उभी होती. तिचा हात धरून, तिच्याकडे बघून खिदळत होती एक तरुण बाई. तोच चौकोनी चेहरा, तेच रुंद कपाळ.

"तुम्ही," रोहिणी म्हणाली.

"मी. चौकट मी ठेवली, ती क्नाइस्लेची आहे. फोटो माझा आहे. मी चोर नाही." त्या सावकाश बसल्या. "लीना माझी मैत्रीण होती. एकुलती एक. जिना एक आठवडा ती झाडायची, एक आठवडा मी. मग माझं लग्न झालं, आणि कार्ल रोज संध्याकाळी खाली तिच्याकडे जाऊन बसायला लागला. रोज! मी वर एकटी, खालून तिचा आवाज यायचा. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," रोहिणी म्हणाली. तिला नको तेवढं कळत होतं.

"एक दिवस बेकरीच्या रांगेत मी एक वाक्य बोलले. लीनाकडे नवरे नुसती वाइन प्यायला जात नाहीत, एवढंच. एकच वाक्य. रविवारपर्यंत ते चर्चमध्ये पोचलं. बायकांनी नवऱ्यांना पाठवणं बंद केलं. तिच्या दारावर कुणीतरी शेण फासलं. हिवाळ्यात बार रिकामा. एका सकाळी ती निघून गेली. जाताना तिने मला काही विचारलंही नाही. तो आठवडा तिचा होता. पाटी तिच्या दारावर होती."

"आणि कार्ल?"

"मी त्याला विचारलं, सांग आता, काय होतं तुमचं? तो म्हणाला, तिथे मला कुणी बोलायला लावत नसे. मी शेगडीकडे बघत बसायचो. बस्स. मी फार बोलायचे हो तेव्हा." म्हातारीने फोटोवरून अंगठा फिरवला. "ओढ्यात कुणी जीव दिला नाही. बऱ्याच वर्षांनी तिला ड्युसेलडॉर्फला कुणीतरी पाहिलं म्हणून कळलं. मी गेले. तिचा छोटासा बार होता. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. काचेतून दिसत होती, जाडी झालेली, हसत होती. मी आत गेले नाही. परत आले आणि गावाला काही सांगितलं नाही. पुढे इथल्या भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता, तेव्हा हा दिला, स्वतःला झाकून."

"पण सांगितलं का नाही? ती जिवंत आहे म्हणून?"

"मेलेली असली की नुसतं रडायचं असतं. जिवंत असली की माफी मागावी लागते. मी जिना झाडत राहिले. ते सोपं होतं. आता ती खरंच गेली, पाच-सहा वर्षं झाली. आता कुणाची मागू?"

रोहिणीच्या खिशातला मोबाइल वाजला. स्वानंदी. 'अगं, आणखी काही कळलं का त्या पोरीचं? सगळ्या विचारताहेत.'

सगळ्या.

"न्या फोटो," फ्राऊ श्वेन्क म्हणाल्या. "कपाटामागे पडला होता म्हणून सांगा. तुमच्यावरचा आळ जाईल. माझं नाव मात्र घेऊ नका. मी लवकरच मरणार आहे."

६

संध्याकाळी ब्लाउअर क्रूग गच्च भरलं होतं. अनुप रिकाम्या चौकटीखाली कागद चाळत उभा होता. दिवसभर तो रोहिणीशी बोलला नव्हता.

रोहिणीने फोटो नेला नव्हता. "तुमचा आहे, तुम्हीच लावा," एवढं सांगून ती निघून आली होती. आता तिची नजर दारावर खिळली होती. आल्या नाहीत तर? तर तिला नाव घ्यावं लागलं असतं, किंवा चोर म्हणून घरी जावं लागलं असतं. दोन्ही तिला नको होतं.

अनुपने घसा साफ केला तेव्हा दार उघडलं. फ्राऊ श्वेन्क गर्दीतून वाट काढत आल्या, त्यांनी क्नाइस्लेकडे हात पुढे केला, "हातोडी," असं म्हणून. श्टामटिशवर पुठ्ठ्याशिवाय फोटो चौकटीत बसवला आणि चारही खिळे स्वतः ठोकले. अख्खं गाव बघत होतं. लीनाचा हात आता ओढ्याकडे बोट दाखवत नव्हता.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या. "आणि हिने जीव दिला नाही. मी सांगते काय झालं ते."

त्यांनी सगळं सांगितलं, बेकरीची रांगही. अनुपचे सगळे शनिवार त्या दहा मिनिटांत निकामी झाले, आणि तो कागद खाली ठेवून पुतळ्यासारखा ऐकत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली.

नंतर तो जिन्यापाशी आला. ईप्सिता तिथेच कोट चढवत होती. "रोहिणी, मी... मला माफ कर. मी काय वाट्टेल ते बोललो."

"बोललास," रोहिणी म्हणाली. "मला ते फार लागलंय, आणि त्यावर आपण घरी बोलणार आहोत, चांगलं रात्रभर. तुला इथे येऊन परक्यांशी एवढं का बोलावं लागतं, तेही मला ऐकायचंय. पण काल तासभर मी कुठे होते असं विचारलंस ना? हे वाच. ईप्सिता, तूही वाच." तिने मोबाइल पुढे केला.

अनुपने वाचलं आणि मोबाइल ईप्सिताकडे दिला. ईप्सिताने दोनदा वाचलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मी तुम्हाला ताई म्हणत होते."

"मला काही माहीत नव्हतं. मी जळत होते, म्हणून लिहिलं. खोटं लिहिलं."

"माझ्या आईने सकाळी विचारलं, नाव का काढलं म्हणून. काय सांगू मी तिला?" ईप्सिताचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "एवढ्यावर मी 'जाऊ द्या' म्हणावं असं वाटतंय का तुम्हाला? मी नाही म्हणणार."

"नको म्हणूस. मी एकेकीला फोन करते. तुझ्या आईंना आधी. जिथवर गेलंय तिथवर."

"ते कुठवर गेलंय, तुम्हाला माहीत आहे?"

रोहिणीला माहीत नव्हतं. ईप्सिता वळली आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली. कमलाबाईंनी सुनेकडे एकदा निरखून पाहिलं, मफलर आवळला, आणि त्या ईप्सिताबरोबर थांब्यापर्यंत गेल्या.

जिन्यावरून कुणीतरी कठड्याला धरून सावकाश उतरत होतं. फ्राऊ श्वेन्क. त्यांना मराठीचा शब्द कळत नव्हता, पण मोबाइल, रडकी मुलगी आणि रोहिणीचा चेहरा त्यांनी वरून पाहिला होता. लीनाच्या दारावरची लाकडी पाटी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी रोहिणीच्या हातात दिली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता पाळी तुमची. माझी लीना काचेपलीकडेच राहिली. ही मुलगी तरी अजून अलीकडे आहे."

रोहिणीने पाटी कोटाच्या खिशात घातली, बाहेरच्या थंडीत आली आणि स्वानंदीला फोन लावला. पलीकडून लगेच उत्सुक आवाज आला, "हं, बोल गं, काय झालं?"

"स्वानंदी," ती म्हणाली, "फोन स्पीकरवर टाक. आणि कोण कोण आहे तिथे, त्या सगळ्यांना जवळ बोलाव."